काटा वर चढतो तेव्हा

नांदेडहून लातूरला निघालं की लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावं लागतात. अंतर सुमारे १४० किलोमीटर. नांदेड गोदावरीकाठच्या सखल भागात, लातूर बालाघाटच्या पठारावर. वाट एकूण चढाची असली तरी तो चढ डोळ्यांना जाणवत नाही. गाडीला मात्र जाणवतो. मे महिन्याची दुपार, पारा ४३ वर, आत सात माणसं, टपावर लग्नाचं सामान, एसी पूर्ण जोरात आणि पुढे कडब्याने भरलेला ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेला. अशा वेळी तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकू लागतो. मग दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये प्रश्न सुरू होतात. मोठा रेडिएटर टाकू का? जादा फॅन बसवू का? ऑटोमॅटिक गाडीला वेगळा ऑइल कूलर लागतो म्हणतात, ते खरं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे तापणाऱ्या बहुतेक गाड्यांना जादा काही बसवण्याची गरज नसते. कंपनीने दिलेलीच यंत्रणा पूर्ववत करून घेतली की त्यांचं भागतं. जादा कूलर खरोखर पैसे वसूल करतो तो टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर, आणि नेमकं तिकडेच कुणाचं लक्ष नसतं.

आधी उष्णता किती असते ते पाहू. ताशी ९० च्या वेगाने चाललेली, लिटरला १५ किलोमीटर देणारी डिझेल गाडी तासाला ६ लिटर डिझेल जाळते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. हिशेब मांडला तर इंजिनात सतत ६० किलोवॅट ऊर्जा मोकळी होत असते. त्यातला साधारण एक तृतीयांश भाग कामी येतो. उरलेल्या उष्णतेतली मोठी वाटणी सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि १५ ते २० किलोवॅट सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरते. घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे बोनेटखाली आठ-दहा गीझर अखंड चालू आहेत आणि त्यांची सगळी उष्णता त्या पातळ जाळीदार रेडिएटरने हवेत टाकायची आहे.

मोटारीच्या जन्मापासून हाच पेच आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत रेडिएटर नव्हताच. पाणी उकळून वाफ व्हायची आणि तिच्याबरोबर उष्णता निघून जायची. १८८८ मध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटरवर, ती गाडी घेऊन गेल्या, तेव्हा वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरत गेल्या. हा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला विल्हेल्म मायबाख यांनी. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ६ मिलिमीटरच्या ८,०७० बारीक नळ्या होत्या. पाणी थोडं, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग अफाट. आजचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर त्याच कल्पनेवर उभा आहे.

आता मराठवाड्याच्या उन्हाकडे वळू. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंशांवर आहे आणि हवा २५ अंशांची आहे, तर फरक ७० अंशांचा. तीच हवा ४५ अंशांची झाली की फरक उरतो ५०. म्हणजे गाडी तीच, रेडिएटर तोच, वेग तोच, तरी जानेवारीच्या सकाळच्या तुलनेत त्याची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. त्यात हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. बंपरच्या उंचीवर, तापलेल्या डांबराला लागून वाहणारी हवा त्याहून गरम असते. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो, तेव्हा रेडिएटरला मिळते ती हवा आधीच एकदा तापून आलेली असते.

कंपन्यांना हे ठाऊक असतं. नव्या गाडीची यंत्रणा कडक उन्हाळा, पूर्ण भार आणि चालू एसी धरूनच बेतलेली असते. म्हणून पाच-सहा वर्षं बिनतक्रार चाललेली गाडी अचानक तापू लागली, तर रेडिएटर लहान पडला असं म्हणण्यात अर्थ नाही. मधल्या काळात काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते कुठे बिघडलं हे गाडी स्वतः सांगत असते. गर्दीत उभी असताना तापते आणि रस्ता मोकळा मिळताच निवते, तर फॅनकडे बघा. गावात ठीक असते आणि हायवेवर वेगाने किंवा चढावर तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून बुजला असेल, नाहीतर वॉटर पंप थकला असेल. थंड इंजिन सुरू करताच पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात आणि होज पाइप लगेच दगडासारखा कडक होतो, तर हेड गॅस्केट गेल्याची दाट शक्यता. अशा इंजिनावर कितीही मोठा रेडिएटर लावला तरी पैसे पाण्यात.

पाण्याबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे आपल्या भागाचा इतिहास थेट इंजिनात उतरतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १० वॅगनची, सुमारे ५ लाख लिटर पाण्याची. ज्या शहराला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, तिथे रेडिएटरमध्ये जे हाताशी असेल तेच पाणी जाणार, आणि हाताशी असतं ते बोअरचं. आपल्या काळ्या बसाल्ट खडकात शेकडो फूट खोलवरून आलेलं पाणी बहुधा जड असतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थंड पाण्यात विरघळलेले राहतात, पाणी तापलं की वेगळे होऊन धातूला चिकटतात. घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि सिलिंडरच्या बाहेरच्या पाण्याच्या वाटांत बसतो. ॲल्युमिनियम ज्या सहजतेने उष्णता वाहून नेतं, त्याच्या तुलनेत हा थर जवळजवळ शंभरपट मंद असतो.

थर वाढतो तो एकदा भरलेल्या पाण्याने नव्हे, रोजच्या टॉप-अपने. एकदा भरलेल्या सहा-सात लिटरमध्ये क्षार ठरावीकच. ते बसले की संपले. पण कुठेतरी बारीक गळती आहे आणि मालक दर दोन दिवसांनी बाटलीभर बोअरचं पाणी ओततो, तेव्हा प्रत्येक बाटली नवे क्षार घेऊन येते. लिटरमागे अर्धा ग्रॅम धरला तरी वर्षभरात शंभर लिटर ओतले की ५० ग्रॅम चुना आत गेला. तो बाहेर पडायला वाट नाही.

लातूरच्या एका रेडिएटरवाल्याकडे जुन्या जीपचा तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडताना मी पाहिला आहे. कारागिराने गॅसच्या ज्योतीने कडेचा डाख वितळवला आणि वरची टाकी अलगद उचलली. खाली चपट्या नळ्यांच्या तोंडांची रांग. निम्म्या तोंडांभोवती पांढरट-तपकिरी खरपूड, काही तर पूर्ण बुजलेली. त्याने पोलादाची पातळ लांब पट्टी एकेका नळीत घातली. काही नळ्यांत ती सरळ खाली उतरली, काहींत वीतभर जाऊन अडली, तेव्हा तो ती मागे-पुढे खरवडत राहिला आणि खालून ओली भुकटी पडत राहिली. गाडीमालक मोठा रेडिएटर घ्यायच्या तयारीने आला होता. कारागीर म्हणाला, "साहेब, लहान नाही हा. भरलाय." सगळ्या नळ्या मोकळ्या करून, टाकीला पुन्हा डाख देऊन, हवेच्या दाबावर पाण्याच्या हौदात बुडवून त्याने गळती तपासली आणि तोच रेडिएटर परत बसवून दिला.

आजच्या गाड्यांत ही सोय राहिलेली नाही. ॲल्युमिनियमचा गाभा आणि दोन्ही बाजूंना दुमडून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या, अशी त्यांची घडण असते. तो बुजला की बहुधा बदलावाच लागतो. कुणी ॲसिडने धुऊन देतो म्हणाला तर देऊ नका. संडास धुण्याचं ॲसिड ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून तयार मिसळलेलं कूलंट किंवा निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी वापरावं. बॅटरीत घालायचं पाणी चालतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं अनेकजण विचारतात. आपल्याला ते हवं ते गंज थांबवायला आणि उकळबिंदू वर न्यायला. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. त्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं, कूलंटचं मिश्रण त्याच्याही पुढे तग धरतं. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला, आणि झाकणाइतकी स्वस्त वस्तू या अख्ख्या यंत्रणेत दुसरी नाही. एक सूचना कळकळीने: काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि लहान मुलांनाही त्यातला धोका कळत नाही.

पाण्याइतकीच हवेची वाट महत्त्वाची. ऑक्टोबरात लोहा-अहमदपूर पट्ट्यात सोयाबीनच्या मळण्या चालू असतात. मळणी यंत्रातून उडालेलं भुसकट, नांदेडकडे कापसाचे तंतू, आणि वर्षभर धूळ व किडे. हे सगळं पुढच्या जाळीतून आत शिरतं आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत जमतं. समोरून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागे मात्र गादी तयार झालेली असते. साफ करायचं तर वरचे नट सैल करून रेडिएटर थोडा मागे झुकवावा लागतो आणि पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारावं लागतं. सर्व्हिस सेंटरची जोराची गन जवळून मारली की पातळ पाती आडवी पडतात आणि हवा कायमची अडते. फॅनची परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम झालं, फॅन फिरू लागला की वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या जाळीवर धरा. ते चिकटून राहिलं पाहिजे.

याच जागी लोक जाड लोखंडी गार्ड, जादा दिवे आणि फलक बांधतात. असे गार्ड काढायला लावा, असं केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं. कारण सुरक्षिततेचं होतं, पण रेडिएटरचाही त्यात फायदाच आहे. बोनेट मागून किंचित उचलून ठेवण्याची युक्तीही फसवी आहे. वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवा तिथून आत घुसते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा आपल्याकडचा रिवाज तर मला खरोखर खटकतो. "इथं काय थंडी आहे, काढून टाका तो व्हॉल्व्ह" असं सहज म्हटलं जातं. हा व्हॉल्व्ह साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो आणि इंजिनाला त्याच्या ठरलेल्या तापमानावर ठेवतो. तो नसला की सकाळी इंजिन बराच वेळ थंडच राहतं, इंधन जास्त खातं, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर हाच व्हॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करत असतो. तिथे तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. बिघडलेला थर्मोस्टॅट काढावा, पण त्या जागी त्याच आकड्याचा नवा बसवावा. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत आणखी एक जागा तपासावी. गॅसच्या रिड्यूसरला ऊब द्यायला इंजिनाचंच कूलंट फिरवलेलं असतं. तिथे नवे जोड आले, म्हणजे गळतीच्या नव्या जागा आल्या आणि आत हवा अडकण्याची शक्यताही.

हे सगळं नीट करूनही काटा चढत असेल, तेव्हा जादा यंत्रणेचा विचार सुरू करावा. पण त्याआधी मोजमाप. डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. बऱ्याच गाड्यांत पंचाहत्तरपासून शंभरच्या पुढेपर्यंत तो मध्यावरच उभा राहतो, आणि नव्या कित्येक गाड्यांत तर काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा. ओबीडीच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दिसतं. तोच रस्ता, तीच वेळ, तेवढाच भार ठेवून बदलाच्या आधी आणि नंतर आकडे लिहून ठेवावेत.

रेडिएटर मोठा घ्यायचा तर जाडीपेक्षा क्षेत्रफळ वाढवणं चांगलं. दोन रांगांच्या जागी तीन रांगा केल्या की तिसऱ्या रांगेला पुढच्या दोन रांगांनी तापवलेली हवा मिळते, आणि फॅनलाही ती जाड जाळी भेदून हवा ओढावी लागते. फॅन वाढवायचा तर विजेचा विचार आधी. २०० वॅटचा फॅन १२ व्होल्टवर १७ अँपिअर खेचतो. तो हेडलाइटच्या वायरला जोडून दिला तर वायर वितळते, आग लागते. स्वतंत्र रिले, फ्यूज आणि जाड वायर हवीच. फॅनला घेर असलेलं आवरण नसेल तर तो जेवढी हवा ओढतो त्यातली बरीच कडेनेच फिरून परत येते.

इंजिन ऑइलचा वेगळा कूलर लागतो तो टर्बो इंजिनाला सतत जोरात पळवणाऱ्यांना. ऑइल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये एक चकती बसवून तेल पुढच्या छोट्या कूलरकडे नेतात. बऱ्याच डिझेल इंजिनांत कूलंटवर चालणारा ऑइल कूलर कारखान्यातूनच असतो, तेव्हा तो आहे की नाही ते आधी पाहावं. रोज नांदेड-लातूर करणाऱ्या कौटुंबिक गाडीला याची गरज मला क्वचितच दिसली.

आणि वाटेत काटा चढलाच तर? आधी एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. मे महिन्यात हे नकोसं वाटतं, पण हीटर म्हणजे इंजिनाच्याच पाण्यावर चालणारा छोटा दुसरा रेडिएटर आहे, आणि तो गाडीत आधीपासून आहे. काटा तरीही उतरला नाही तर सावलीला थांबावं. पाणी गळत असेल, वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद. गरम झाकण उघडू नये. दाब सुटताच पाणी उसळून चेहरा-हात भाजतात. इंजिनावर गार पाणी ओतू नये. हेडला तडा जाऊ शकतो.

आता गिअरबॉक्स. हाताने गिअर टाकायच्या गाडीत दातेरी चाकं तेलात फिरतात, थोडी उष्णता होते, ती बाहेरच्या कवचातून निघून जाते. तिला कूलर लागत नाही. एएमटी म्हणजे तोच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र दाबतं. तिथे तापतो तो क्लच. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरली की प्लेट जळते. तिथे कूलर काही करू शकत नाही, ब्रेक किंवा हँडब्रेक लावून थांबण्याची सवय करते. कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचंही तेच. मुंगीच्या पावलांनी सरकणारी गर्दी त्याला सगळ्यात जास्त तापवते.

टॉर्क कन्व्हर्टरचं मात्र वेगळं. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पक्का जोड नसतो, तेलातून शक्ती पुढे जाते. एका बाजूची पाती तेल घुसळतात, ते तेल दुसऱ्या बाजूच्या पात्यांना फिरवतं. दोन्हींच्या वेगात जेवढा फरक, तेवढी शक्ती उष्णता होऊन तेलातच राहते. ठरावीक वेगावर लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जखडतो आणि ही गळती थांबते. पण कडब्याच्या ट्रॅक्टरमागे वीस-पंचवीसच्या वेगाने, भरल्या गाडीने चढ चढताना लॉक-अप बहुधा सुटलेला असतो. तेव्हा तेल भराभर तापतं. अशा चढावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून ठेवला तर तेलातलं घसरणं कमी होतं, आणि बिनपैशाचा थंडावा मिळतो.

हे तेल साधारण ८० ते ९५ अंशांवर सुखात असतं. अमेरिकेतल्या गिअरबॉक्स कारागिरांचा जुना ठोकताळा असा की ८० च्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. आकडा अंदाजाचा आहे, पण दिशा अचूक आहे. जळकं तेल काळपट होतं, करपल्याचा वास येतो, सील कडक होतात, क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. इंजिन तापल्याचं निदान दिव्याने तरी कळतं. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा काटाच नसतो.

बऱ्याच गाड्यांत या तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आतच असतो. तेल कूलंटला उष्णता देतं, म्हणजे कूलंटपेक्षा ते कधीच थंड होऊ शकत नाही. रेडिएटर बुजून कूलंट ११० वर गेलं की गिअरबॉक्सही त्याच्याबरोबर तापतो. टाकीतला हा कूलर आतून फुटला तर तेलात पाणी मिसळून गुलाबी, दुधाळ फेस होतो आणि गिअरबॉक्सच्या प्लेटा सुटू लागतात. म्हणून क्षार साचलेला जुना रेडिएटर ऑटोमॅटिक गाडीत चालवत राहणं दुप्पट महागात पडतं.

जादा कूलर बसवायचा तो इथे. नांदेडच्या एका गॅरेजमध्ये सात आसनी गाडीला तो बसवताना पाहिला, आणि त्या मिस्त्रींच्या पद्धतीत वेळ जास्त गेला तरी काही चुकीचं नव्हतं. त्यांनी आधी गाडी गरम करून इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही नळ्या तपासल्या. गिअरबॉक्समधून बाहेर पडणारी जास्त गरम, रेडिएटरमधून परत येणारी कमी. नवा कूलर त्यांनी परतीच्या नळीवर घेतला, म्हणजे तेल आधी रेडिएटरमधून, मग कूलरमधून, मग गिअरबॉक्सकडे. कूलर चपट्या थरांचा होता, नळी-पात्यांच्या जुन्या प्रकारापेक्षा तेवढ्याच जागेत जास्त काम करणारा. तो त्यांनी कंडेन्सरच्या पुढे पट्ट्यांच्या चौकटीवर बसवला. जाळीतून प्लास्टिकची दोरी ओवून कंडेन्सरला बांधून टाकण्याचा सोपा मार्ग त्यांनी टाळला, कारण हादऱ्याने ती दोरी नळी कापते. रबरी नळी गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठीचीच, पेट्रोलची नव्हे. शेवटी इंजिन चालू ठेवून, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तेलाची पातळी पाहून कूलरमध्ये गेलेलं तेल भरून घेतलं.

कूलर फार मोठा घेऊ नये. तो रेडिएटरच्या पुढे येतो, म्हणजे रेडिएटरची हवा खातो. इंजिन आधीच काठावर असेल तर एकाचं दुखणं दुसऱ्याकडे जातं. डिसेंबरच्या पहाटे तेल गरजेपेक्षा थंड राहू नये म्हणून थर्मोस्टॅटवाला बायपास घेतलेला बरा, तो थंड तेलाला वळसा घालू देतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं, नाहीतर पुढे गिअरबॉक्सच्या दाव्यात हाच कूलर आडवा येतो. बसवल्यावर पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा गाडीखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर पाहावं. ठिपका दिसला तर क्लॅम्प पुन्हा आवळावा. आणि गिअरबॉक्सचं तेल, ते आयुष्यभराचं आहे असं कुणी सांगितलं तरी, भरल्या गाडीने या रस्त्यावर ऊन काढणाऱ्यांनी ठरावीक अंतराने बदलत राहावं. कूलर तेलाचं तापमान उतरवतो, जळून गेलेलं तेल तो पुन्हा चांगलं करू शकत नाही.